अर्जातली यादी आणि आपले गाव

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात गर्दी होऊ लागते. बारावीचे निकाल लागलेले असतात, पेरणीची घाई असते, आणि त्याच दिवसांत प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे असतात. हे अर्ज आता कागदावर राहिलेले नाहीत. ते संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर भरावे लागतात. मुले बरोबर कागदांची पिशवी घेऊन येतात. कुणाचे वडील येतात, कुणाचा मामा येतो. अशाच एका सकाळी एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातात परत आलेल्या अर्जाचा कागद होता. त्यावर शेरा होता, 'रहिवासाचा पुरावा जुळत नाही.' ते म्हणाले, "सर, माह्यं गाव तं पिंपळगावच हाये. पण या यंत्रात चार-चार पिंपळगावं हायेत म्हणते हे पोरगी!"

पोरीचे म्हणणे खरे होते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे आहे जळगाव जामोद तालुक्यात, पिंपळगाव देवी आहे मोताळा तालुक्यात, आणि पिंपळगाव सराई आहे बुलढाणा तालुक्यात. अर्जाच्या यादीत ही नावे एकाखाली एक आली होती. पण यादीची चौकट इतकी अरुंद होती की नावातला दुसरा शब्द दिसतच नव्हता. मुलीला चार ओळींत चार वेळा नुसते 'पिंपळगाव' दिसले, तिने एकावर बोट ठेवले, आणि कागदावरचे गाव व अर्जातले गाव निराळे झाले. अर्ज पुढे दुरुस्त झाला, पण त्यासाठी वडिलांच्या तीन खेपा झाल्या आणि पेरणीच्या ऐन दिवसांतले तीन दिवस गेले. ज्या संस्थेचा तो अर्ज होता तिचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. अशा याद्या पुष्कळ ठिकाणी असतात.

मला मात्र तेव्हापासून या यादीचा विचार सुटला नाही. ही यादी कोण करतो? ती कशी केली जाते? आणि ती नीट झाली किंवा नाही, हे तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांनी कसे ओळखावे? आज याच विषयावर आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. संगणकावरील अर्जात एका चौकटीला बोट लावले की पर्याय खाली उघडतात आणि त्यांतला एक आपण निवडतो. त्या यादीला मी आजच्या पुरते 'निवडयादी' म्हणतो.

ही कल्पना मुळात काही नवी नाही, बरं का. जुने छापील अर्ज आठवा. 'पुरुष / स्त्री', 'विवाहित / अविवाहित', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना, 'जे लागू नसेल ते खोडावे.' ही कागदावरची निवडयादीच झाली. शिक्षक बंधुभगिनींना तर ती रोजची आहे. 'योग्य पर्याय निवडा' असे म्हणून आपण प्रश्नपत्रिकेत चार उत्तरे देतो. यादी देण्यामागचा हेतूही सरळ आहे. हजार माणसांनी आपापल्या हाताने गावाचे नाव लिहिले, तर ते हजार तऱ्हांनी लिहिले जाईल. आपल्या जिल्ह्याचेच पाहा. कुणी बुलढाणा लिहितो, कुणी बुलडाणा. रोमन लिपीत कुणी मधे 'एच' घालतो, कुणी गाळतो. माणसाला ही सारी एकच गोष्ट आहे हे कळते. यंत्राला कळत नाही. म्हणून यंत्र म्हणते, 'लिहू नका, मी देतो त्यांतले निवडा.'

पण कागदावर एक सोय होती. यादीत आपले उत्तर नसले, तर माणूस समासात दोन शब्द लिहून टाकी, आणि कचेरीतला कारकून ते वाची. संगणकाच्या अर्जाला समास नाही. तेथे जे यादीत नाही ते सांगताच येत नाही. त्यामुळे यादी करणाऱ्यावर पूर्वीपेक्षा अधिक जबाबदारी येऊन पडली आहे. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा रोख या जबाबदारीवर आहे.

आता ही यादी यंत्राला कशी सांगतात ते पाहू. जिनिव्हाजवळ सर्न नावाची अणुविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. जगातल्या संगणकांवरची पाने एकमेकांना जोडावयाची, आणि ती पाने लिहिण्यासाठी एक सोपी खुणांची पद्धत ठरवावयाची, अशी ती योजना होती. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. खुणा म्हणजे काय? छापखान्यात हस्तलिखित जाते तेव्हा संपादक त्यावर लाल शाईने लिहितो, 'हे ठळक टाइपात घ्या', 'येथे नवा परिच्छेद करा.' वाचकासाठी त्या खुणा नसतात, जुळाऱ्यासाठी असतात. एचटीएमएलच्या खुणा तशाच आहेत. त्या वाचकाला दिसत नाहीत. पान दाखविणारे यंत्र त्या वाचते आणि तसे वागते.

प्रारंभी वेबची पाने नुसती वाचावयाची असत. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'मोझेक' हा पाने पाहण्याचा कार्यक्रम तयार झाला, आणि त्याच सुमारास पानावरून उलट उत्तर पाठविण्याची, म्हणजे अर्ज भरण्याची, सोय रूढ होऊ लागली. पुढे बर्नर्स-ली आणि डॅनियल कॉनोली यांनी लिहिलेली एचटीएमएलची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही १९९५ सालीच, १५ ऑगस्टला. त्या आवृत्तीत निवडयादीची खूण नीट सांगितलेली आहे.

ती खूण फार साधी आहे. टोकदार कंसात 'सिलेक्ट' हा शब्द लिहिला की यादी सुरू झाली. मग प्रत्येक पर्यायाच्या आधी, तशाच कंसात, 'ऑप्शन' हा शब्द लिहावयाचा आणि पुढे पर्यायाचे नाव. सारे पर्याय संपले की तिरकी रेघ देऊन पुन्हा 'सिलेक्ट'. यादी पुरी झाली. शाळेतल्या मुलालाही पाच मिनिटांत समजावे असे हे काम आहे. पण सोपी खूण हाती आली म्हणजे चांगली यादी तयार झाली, असे मात्र होत नाही. नांगर हाती आला म्हणून सरळ तास पडतोच असे नाही, तसेच हे आहे.

पहिली अडचण पहिल्या ओळीची. १९९५ च्या त्या आवृत्तीत असे म्हटले होते की, यादी करणाऱ्याने काही निराळे सांगितले नसेल तर प्रारंभी पहिला पर्याय निवडलेला असतो. म्हणजे अर्ज भरणाऱ्याने यादीला हातही लावला नाही, तरी त्याचे उत्तर पहिल्या ओळीचे म्हणून पुढे जाते! महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची यादी मराठी वर्णक्रमाने लावली तर पहिले नाव येते अकोल्याचे. मग बुलढाण्याचा विद्यार्थी ती चौकट भरावयास विसरला, तर तो चुपचाप अकोल्याचा होतो. काही चुकले असे यंत्र सांगत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने रकाना भरलेलाच आहे. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो. चुकीने भरलेला रकाना खुपत नाही. म्हणून तो अधिक धोक्याचा.

यावर उपाय काय? पहिल्या ओळीत 'जिल्हा निवडा' असे लिहावयाचे आणि त्या ओळीची किंमत कोरी ठेवावयाची. माणसाने खरे उत्तर निवडल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही. २०१४ साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत, उत्तर सक्तीचे असेल तर अशा साध्या यादीची पहिली ओळ कोरी असावी, असा नियमच घातलेला आहे. लोक वर्षानुवर्षे जे अनुभवाने करीत होते त्याचा तो नियम झाला.

दुसरी अडचण क्रमाची. आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. ते मराठी वर्णक्रमाने कसे लागतील? खामगाव, चिखली, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, नांदुरा, बुलढाणा, मलकापूर, मेहकर, मोताळा, लोणार, शेगाव, संग्रामपूर, सिंदखेड राजा. ऐकतानाच पुढचे नाव साधारण कोठे येईल याचा अंदाज येतो, नाही का? आता दुसरा क्रम ऐका. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जळगाव जामोद, खामगाव, लोणार, मलकापूर... हा कुठला क्रम? हा रोमन लिपीतला क्रम आहे. नावे मराठीत दाखविली, पण क्रम इंग्रजीचाच राहू दिला. ज्याला इंग्रजी स्पेलिंग ठाऊक नाही त्या माणसाला ही यादी विस्कटलेली वाटते. तो खामगाव वरच्या टोकाला शोधतो आणि ते पाचव्या ओळीत असते. तेरा नावांत हे चालून जाते. तालुक्यातल्या शंभर-सव्वाशे गावांच्या यादीत माणूस थकून जातो आणि शेजारच्या मुलाला म्हणतो, 'तूच भर बापा.'

असे का झाले, त्याला इतिहास आहे. १९९५ च्या आवृत्तीत पानासाठी जो अक्षरसंच मानला होता तो पश्चिम युरोपच्या भाषांचा होता. त्यात देवनागरीला जागा नव्हती. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने जगातल्या सर्व लिप्यांना सामावणारा अक्षरसंच स्वीकारला. तोच आज आपण युनिकोड म्हणून ओळखतो. देवनागरीला घर मिळाले खरे, पण त्या घरातही मराठीची थोडी अडचण राहिलीच. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो 'ल' च्या पाठोपाठ बसविलेला आहे. त्यामुळे 'जवळा' आणि 'जळगाव' ही दोन नावे शब्दकोशात ज्या क्रमाने येतात, नेमक्या त्याच्या उलट क्रमाने ती यंत्र लावते. मराठीचा क्रम यंत्राला शिकविता येतो, पण तो कुणीतरी आठवणीने शिकवावा लागतो. यादी करणाऱ्या माणसाला वर्णमाला ठाऊक असावी, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

तिसरी अडचण सारख्या नावांची, म्हणजे आमच्या पिंपळगावची. पिंपळगाव एकटे नाही. देऊळगाव राजा आहे, देऊळगाव मही आहे, देऊळगाव साकर्शा आहे. जळगाव म्हटले की आपल्या उत्तरेकडच्या माणसाला जळगाव जामोद आठवते, आणि यादीला जळगाव जिल्हा आठवतो. शिवाय बुद्रुक आणि खुर्द आहेतच. जुन्या लोकांनी नावापुढे राजा, काळे, देवी, सराई अशी ओळख जोडली ती उगीच जोडलेली नाही. टपालवाल्याला, तलाठ्याला, सोयरिकीला आलेल्या पाहुण्याला घोळ होऊ नये म्हणून ती जोडली. यादीच्या चौकटीने तोच शब्द कापून टाकला तर गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ओळख कापली जाते.

यासाठी १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत एक नवी खूण आली. तिचे नाव 'ऑप्टग्रुप', म्हणजे पर्यायांचा गट. लांब यादीचे गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटाला मथळा द्यावयाचा. मथळा दिसतो, पण तो स्वतः निवडता येत नाही. त्याखालची नावेच निवडता येतात. आपल्या जिल्ह्याच्या यादीत 'खामगाव तालुका' असा मथळा आणि त्याखाली पिंपळगाव राजा. 'मोताळा तालुका' असा मथळा आणि त्याखाली पिंपळगाव देवी. आता चूक होणे कठीण. मात्र या खुणेलाही एक मर्यादा घातली होती. गटाच्या पोटात दुसरा गट करता येत नसे. जिल्ह्यात तालुका आणि तालुक्यात गाव, अशी दोन पायऱ्यांची उतरंड एका यादीत बसत नव्हती. म्हणून पुढे निराळा मार्ग रूढ झाला. एका यादीऐवजी तीन-चार याद्या करावयाच्या. पहिलीत जे निवडाल त्याप्रमाणे दुसरी भरते. सातबारा पाहण्यासाठी महाभूलेखच्या संकेतस्थळावर आपण आधी अमरावती विभाग, मग बुलढाणा जिल्हा, मग तालुका, मग गाव असे जातो, ते याच मार्गाने. जमाबंदीचे दप्तर पूर्वीपासून याच उतरंडीने लावलेले असल्यामुळे हा मार्ग आपल्या माणसाला परका वाटत नाही.

चौथी गोष्ट नाव आणि खूणक्रमांक यांची. ती शिक्षकांना चटकन पटेल. तुमच्या शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो आणि बुलढाणा जिल्ह्यातील शाळेचा क्रमांक २७०४ या अंकांनी सुरू होतो. त्यातले २७ हे महाराष्ट्राचे, ०४ हे आपल्या जिल्ह्याचे. उद्या शाळेच्या पाटीवरचे नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. निवडयादीतही हीच सोय आहे. 'ऑप्शन' या खुणेत 'व्हॅल्यू' म्हणून एक जागा असते. माणसाला दिसते ते नाव, आणि यंत्राकडे जातो तो व्हॅल्यूमधला क्रमांक. ही जागा भरली नाही तर दिसणारे नावच यंत्राकडे जाते. प्रारंभीच्या काळात पुष्कळांनी ती जागा कोरीच ठेवली. कोण एवढा पुढचा विचार करतो!

पण नावे बदलतात. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. १९९८ साली अकोल्यातून वाशीम निघाला, २०१४ साली ठाण्यातून पालघर निघाला. नुसत्या नावावर उभारलेल्या नोंदी अशा वेळी दोन तुकड्यांत पडतात. जुने अर्ज एका नावाखाली, नवे दुसऱ्या नावाखाली. क्रमांकावर उभारलेली नोंद टिकते. पाटी बदलावयाची, दप्तर तसेच. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक ५०० होता. बुलढाणा लिहा, बुलडाणा लिहा, क्रमांकाला त्याचे काही नाही. माणसासाठी नाव आणि यंत्रासाठी क्रमांक, अशी वाटणी केली की दोघांचेही समाधान होते.

पाचवी गोष्ट, एक की अनेक? शेतकरी बंधूंनो, ही तुमच्या रानातली गोष्ट आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात काय पेरले आहे याची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची, अशी ती योजना. आता आपल्याकडे सोयाबीनच्या तासांत तूर घेतात. विचारणाऱ्याने 'तुमचे पीक कोणते?' असे विचारले आणि यादीतून एकच निवडू दिले, तर शेतकऱ्याने काय सांगावे? सोयाबीन सांगितले तर तूर खोटी पडते, तूर सांगितली तर सोयाबीन. म्हणून आधी 'एकच पीक आहे की मिश्र?' असे विचारावे लागते. नोंदीवर पुढे विमा, नुकसानभरपाई आणि कर्ज अवलंबून असते, तेव्हा ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही.

अनेक पर्याय निवडू देण्याची सोय १९९५ च्या आवृत्तीतही होती. 'सिलेक्ट' या खुणेला 'मल्टिपल' हा शब्द जोडला की झाले. पण संगणकावर अशा यादीत दुसरा पर्याय निवडताना 'कंट्रोल' ही कळ दाबून धरावी लागते. ती न दाबता बोट लावले तर आधीची निवड पुसली जाते. हे कुणाला ठाऊक असते? त्यापेक्षा प्रत्येक पर्यायापुढे छोटा चौकोन द्यावा आणि हव्या त्या चौकोनांत बरोबरची खूण करू द्यावी, हे बरे. आणि पर्याय दोन-चारच असतील, त्यांतला एकच निवडावयाचा असेल, तर मिटलेली यादी देऊच नये. गोल ठिपके देऊन सारे पर्याय उघडे ठेवावेत. या गोल ठिपक्यांना काय म्हणतात ठाऊक आहे? 'रेडिओ बटन'! जुन्या मोटारींतल्या रेडिओला ठरावीक केंद्रांसाठी बटने असत. एक दाबले की दुसरे आपोआप वर येई. दोन केंद्रे एकदम लागत नसत. त्यावरून हे नाव पडले. तेव्हा श्रोतेहो, आपला रेडिओही या अर्जात जाऊन बसला आहे.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. यादीत जे नाही त्याचे काय?

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. जळगाव जामोद तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या काही वस्त्यांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारी माणसे दोन-अडीच हजारांच्या आसपास. जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळात ही भाषा बसत नाही, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात ती कोरकूच्या शेजारी नोंदविली गेली. १९६२ साली कायपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. देशोदेशींच्या विद्वानांना या भाषेचे अगत्य आहे. पण आपल्या बहुतेक अर्जांतल्या 'मातृभाषा' या यादीत तिचे नाव कोठून असणार?

२०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची जी नावे सांगितली ती १९,५६९ होती. छाननी करून त्यांची १,३६९ झाली. त्यांतल्या दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशांचे गट पाडून १२१ भाषांची यादी छापण्यात आली. बाकीच्या सगळ्या 'इतर' मध्ये गेल्या. निहाली त्या 'इतर' मध्ये आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या मोजदादीत कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला समजते. पण लक्षात घ्या, जनगणनेने आधी माणसाला त्याच्या भाषेचे नाव सांगू दिले, आणि गट मागाहून पाडले. अर्जातली यादी ही छाननी आधीच करून बसते. ती माणसाला नाव सांगूच देत नाही.

मग त्या वस्तीतले मूल पहिलीत येते तेव्हा काय होते? शिक्षक यादी उघडतो. निहाली नाही. कोरकू निवडावी, मराठी निवडावी, की 'इतर'? घाईत 'मराठी' निवडली जाते. त्या एका बोटाने कागदोपत्री असे ठरते की या मुलाला वर्गातले सारे समजते. त्याला कळत नाही ते मग त्याच्या बुद्धीच्या खात्यावर जमा होते. शिक्षक मित्रांनो, यात दोष तुमचा नाही, पण ते बोट तुमचे असते. म्हणून यादी करणाऱ्याला माझे सांगणे असे की, 'इतर' ही ओळ द्यावी, आणि तिच्यापुढे दोन शब्द लिहावयास जागा द्यावी. तीच आपल्या जुन्या कागदाची समासाची जागा. आणि त्या जागेत काय लिहून आले ते वर्षातून एकदा तरी कुणीतरी वाचावे. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याला यादीत ओळ द्यावी.

मी हे सांगतो तेव्हा काही जण म्हणतात, 'सर, याद्या मुंबई-पुण्याला होतात, दिल्लीला होतात. आपल्या हातात काय आहे?' आपल्या हातात पुष्कळ आहे. शिक्षकांनी एक तास या कामी लावावा. मुलांना गटांत बसवून आपल्या तालुक्यातल्या गावांची यादी करावयास सांगावी. नावे वर्णक्रमाने लावा. सारखी नावे शोधा आणि ती ओळखता यावीत म्हणून काय जोडावे ते ठरवा. वस्त्या आणि वाड्या कोठे घालाव्यात यावर वाद होऊ द्या. त्या वादात मुलांना भूगोल कळेल, व्याकरण कळेल, आणि यादी ही कुणीतरी केलेली वस्तू असते, आभाळातून पडत नाही, हेही कळेल. ज्याने एकदा यादी केली तो दुसऱ्याची यादी डोळे मिटून मानत नाही.

शेतकरी बंधूंनो, तुम्ही अर्ज दुसऱ्याकडून भरून घेत असाल तर शेवटची कळ दाबण्यापूर्वी चार गोष्टी मोठ्याने वाचून घ्या. जिल्हा, तालुका, गावाचे पूर्ण नाव, आणि पीक. नुसते 'पिंपळगाव' असे वाचले तर थांबवा आणि विचारा, 'कोणते पिंपळगाव?' यादीत आपले उत्तर नसेल तर जवळचे काहीतरी ठोकून देऊ नका. त्या अर्जाची एक प्रत काढून घ्या आणि 'यादीत आमचे नाव नाही' असे दोन ओळींचे पत्र संबंधित कचेरीला द्या. असे पत्र एक आले तर बाजूला पडते, पण दहा आली तर त्यांची दखल घ्यावी लागते.

ती मुलगी आता आमच्याच महाविद्यालयात शिकते. मागच्या जूनमध्ये ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून पहिल्या वर्षाच्या मुलांना अर्ज भरावयास मदत करीत होती. समोरच्या मुलाने गाव सांगितले, 'देऊळगाव.' तिने हात थांबविला आणि विचारले, "कोणतं देऊळगाव? राजा, मही, का साकर्शा?" मुलगा म्हणाला, "मही." तिने यादीची चौकट ओढून रुंद केली, पूर्ण नाव त्याला दाखविले, आणि मगच त्यावर बोट ठेवले.